काळ्या मेघांतील नवे तारे

ठाणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर भाईंदर वसलेले आहे. मिठागरांसाठी हे गाव पूर्वीपासून प्रसिद्ध. आज मीरा-भाईंदर हे दाट वस्तीचे शहर झाले असून, रात्री तेथे दिव्यांचा एवढा झगमगाट असतो की आकाशातील बहुतेक तारे त्यात बुडून जातात. तरीही पौष-माघ महिन्यांत रात्री नऊच्या सुमारास खाडीकाठी किंवा उत्तनच्या किनाऱ्यावर उभे राहून कोणी मान वर केली, तर मृग नक्षत्र दृष्टीस पडल्यावाचून राहत नाही. हरणाचे चार पाय म्हणजे चार ठळक तारे आणि त्यांच्या मधोमध व्याधाने मारलेला बाण म्हणजे एका रेषेतील तीन तारे. ही आकृती शहराच्या उजेडालाही सहजी पुसता येत नाही.

त्या बाणाच्या खाली, दक्षिणेच्या अंगास, तीन मंद ठिपके ओळीने दिसतात. त्यांतील मधला ठिपका नीट न्याहाळावा. तो ताऱ्यासारखा टोकदार दिसत नाही. फळ्यावरील खडूची खूण ओल्या बोटाने पुसावी तसा किंचित पसरलेला दिसतो. याचे कारण असे, की तो तारा नव्हेच. वायू आणि धूळ यांचा तो एक प्रचंड तेजोमेघ असून पृथ्वीपासून सुमारे १३५० प्रकाशवर्षे दूर आहे. आज डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश जेव्हा तेथून निघाला, तेव्हा महाराष्ट्रावर बदामीच्या चालुक्यांचे राज्य होते.

या मेघात नवे तारे आहेत, आणि ते किती नवे आहेत हे समजण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. आपल्या सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे आहे. मेघातील बहुतेक ताऱ्यांचे वय दहा ते तीस लाख वर्षांच्या आसपास आहे. सूर्य हा शेहेचाळीस वर्षांचा गृहस्थ मानला, तर हे तारे चार ते अकरा दिवसांचे ठरतात. म्हणजे त्यांचे अजून बारसेही झालेले नाही!

तथापि बाळ दिसू लागले, याचा अर्थ जन्म होऊन गेला. जन्माची घटका पाहावयाची असेल तर या उजळ मेघाकडे पाहून भागत नाही. पूर्वीच्या वाड्यांतून बाळंतिणीची खोली आतल्या अंगास, अंधारी आणि बंदिस्त असे. वारा आणि उजेड तेथे जपून येऊ देत. ताऱ्यांच्या बाबतीतही तसेच आहे. मृगातील तेजोमेघ ही केवळ ओसरी होय. तिच्यामागे एक फार मोठा, थंड आणि काळा मेघ पसरलेला आहे आणि खरी घडामोड त्याच्या पोटात चालते.

आकाशात असे काळे मेघ पुष्कळ आहेत. आकाशगंगेचा पट्टा काळोख्या गावातून पाहिला, तर त्यात मध्येच शाई सांडल्यासारखे डाग दिसतात. तेथे एकही तारा नसतो. अठराव्या शतकात विल्यम हर्शेल यांनी असे डाग दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा आकाशाला ही भोके पडली आहेत, असे त्यांना वाटले. पुढे अमेरिकेत एडवर्ड बर्नार्ड यांनी या डागांची शेकडो छायाचित्रे घेतली आणि १९१९ साली त्यांची यादी प्रसिद्ध केली. आरंभी त्यांनाही हे डाग भोकांसारखेच वाटत. पण छायाचित्रे जमत गेली तसे त्यांचे मत बदलत गेले. त्यामागचा विचार कोणालाही पटण्यासारखा आहे. ताऱ्यांच्या दाट गर्दीतून आरपार भोक दिसावयाचे, तर ते लांबलचक बोगद्यासारखे हवे आणि बोगद्याचे तोंड नेमके पृथ्वीकडे वळलेले हवे. असा एखादा बोगदा योगायोगाने असू शकेल. पण शेकडो बोगदे, आणि सगळ्यांची तोंडे आपल्याकडेच? त्यापेक्षा ताऱ्यांच्या आड काहीतरी येत आहे, असे मानणे अधिक शहाणपणाचे.

जे आड येते ती धूळ होय. बर्नार्ड यांच्या सूचीतील ६८ क्रमांकाचा मेघ याची उत्तम साक्ष देतो. साध्या प्रकाशात घेतलेल्या छायाचित्रात तो काजळाच्या ठिपक्यासारखा दिसतो. परंतु अवरक्त किरणांत, म्हणजे तांबड्या प्रकाशाहूनही लांब लहरी असलेल्या अदृश्य किरणांत, त्याचे छायाचित्र घेतले, तेव्हा त्याच्या पाठीमागचे तारे त्यातून आरपार दिसू लागले. उत्तनच्या समुद्रावर मावळता सूर्य तांबडा दिसतो, तोही याच जातीचा प्रकार आहे. क्षितिजाजवळच्या हवेतून येताना सूर्यप्रकाशातील निळ्या, आखूड लहरी विखुरल्या जातात आणि तांबड्या, लांब लहरी त्या मानाने सुखरूप पोहोचतात. लहर जितकी लांब, तितकी ती अशा अडथळ्यातून सहज निभावून जाते.

धूळ म्हटली तरी मेघात तिचे प्रमाण अगदी थोडे, वजनाने शंभरातील एक भाग एवढेच आहे. वाळूच्या आणि काजळीच्या जातीचे हे कण धुरातील कणांइतके बारीक असून त्यांच्यावर बर्फाचे पातळ कवच चढलेले असते. (पृथ्वीवरील पाण्याचा काही भाग अशाच बर्फातून आलेला, म्हणून सूर्याहूनही जुना असावा, असे काही शास्त्रज्ञांचे मत आहे.) उरलेला सारा मेघ वायूचा. त्यात मुख्यत्वे हायड्रोजन असतो, थोडा हीलियम असतो आणि इतर वायू नावापुरते असतात.

हे मेघ 'दाट' आहेत असे शास्त्रज्ञ म्हणतात, ते ऐकून मात्र फसू नये. भाईंदरच्या हवेतील एका घन सेंटिमीटरमध्ये, म्हणजे खेळण्यातील फाशाएवढ्या जागेत, दोनावर एकोणीस शून्ये मांडावीत त्याहूनही अधिक रेणू असतात. काळ्या मेघाच्या गाभ्यात तेवढ्याच जागेत हजारो ते लाखो रेणू असतात. पृथ्वीवरील उत्तमोत्तम पंपांनी निर्माण केलेली पोकळी क्वचितच याहून रिती असेल. मग अशा विरळ वस्तूने ताऱ्यांचा प्रकाश अडावा कसा? त्याचे कारण तिचा विस्तार. दहा पावलांवरचे धुके नजर अडवीत नाही, पण तेच धुके मैलभर पसरले म्हणजे पलीकडचा डोंगर नाहीसा होतो. बर्नार्ड ६८ हा तर मेघांमध्ये अगदी लहान गणला जातो. तरी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जावयास प्रकाशाला सुमारे सहा महिने लागतात, आणि त्यातील द्रव्य दोन सूर्यांच्या आसपास भरते.

आता या मेघांचा खरा विशेष. ते कमालीचे थंड असतात. तेथील तापमान शून्याखाली सुमारे २६३ अंश सेल्सिअस असते. ज्याच्या खाली तापमान जाऊच शकत नाही, त्या मर्यादेहून अवघे दहा अंश वर! बाहेरच्या ताऱ्यांची ऊब धुळीच्या पडद्यामुळे आत पोहोचत नाही. उलट आत जी थोडी उष्णता असते ती धुळीचे कण आणि काही रेणू लांब लहरींच्या रूपाने बाहेर टाकीत राहतात. अशा रेणूंत कार्बन मोनॉक्साइड हा मुख्य होय. १९७० साली मृगातील मेघातच त्याच्या रेडिओलहरी प्रथम सापडल्या. थंड हायड्रोजन स्वतः जवळजवळ मुका असतो. त्यामुळे तो कोठे किती आहे, हे या बोलक्या सोबत्यावरूनच ओळखावे लागते.

सूर्यासारखा धगधगता गोळा इतक्या थंड ठिकाणी जन्मावा हे विपरीत वाटेल. परंतु तो थंड ठिकाणीच जन्मू शकतो. वायूचे रेणू सतत धावत असतात आणि वायू जितका उष्ण, तितकी त्यांची धाव मोठी. या धावेमुळे वायू बाहेर पसरू पाहतो. दुसरीकडे, मेघातील प्रत्येक कण गुरुत्वाकर्षणाने इतर कणांना आपल्याकडे ओढीत असतो. पसरणे आणि ओढणे यांची ही रस्सीखेच होय. जेम्स जीन्स या इंग्रज गणितज्ञांनी १९०२ साली या रस्सीखेचीचे गणित मांडले. मेघाची घनता आणि तापमान ठाऊक असेल, तर कमीत कमी किती द्रव्य एकत्र आल्यावर गुरुत्वाकर्षणाची सरशी होईल, हे त्यावरून काढता येते. थंड काळ्या गाभ्यात सूर्याएवढे किंवा त्याच्या काही पट द्रव्य जमले की पुरते. तोच गाभा, त्याच घनतेचा, भाईंदरच्या हवेइतका उबदार असता, तर दीडशेपटींहून अधिक द्रव्य जमवावे लागले असते. उबेने मेघ विस्कटतो, थंडीने तो आवरला जातो.

भाईंदरच्या मिठागरात याच्याशी जुळणारी एक गोष्ट पाहावयास मिळते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पण त्या पाण्यात मिठाचा खडा आपोआप कधी बनत नाही. भरतीचे पाणी बांधाच्या आत घेऊन एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सोडीत जातात. उन्हाने ते आटत जाते, खारटपणा वाढत जातो, आणि तरीही पुष्कळ दिवस नुसते पाणीच दिसते. खारटपणा एका ठरावीक मर्यादेला पोहोचला की मात्र तळाशी मिठाचे कण धरू लागतात. मेघाचेही असेच असते. लाखो वर्षे त्यात काही घडत नाहीसे वाटते आणि मर्यादा ओलांडताच तो आपल्याच भाराने कोसळू लागतो. ही तुलना येथवरच खरी मानावी. कारण मीठ धरावयास उन्हाची काहिली लागते आणि तारा धरावयास गारठा लागतो.

काही वेळा ही मर्यादा बाहेरच्या धक्क्याने ओलांडली जाते. जवळचा एखादा मोठा तारा स्फोट पावतो आणि त्या आघाताने मेघ दाबला जातो. उलट मेघातील खळबळ आणि चुंबकीय क्षेत्र ही दोन्ही त्याला पुष्कळ काळ सावरून धरतात.

मेघाचा गाभा कोसळू लागला म्हणजे काय होते? वायू दाबला की तापतो, हे सायकलच्या पंपाला हात लावून पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. तेव्हा कोसळणारा गाभा तापेल आणि रेणूंची धाव वाढून कोसळणे थांबेल, अशी अपेक्षा करावी. पण आरंभी तसे होत नाही. गाभा अजून पुरेसा विरळ असल्यामुळे निर्माण झालेली उष्णता लांब लहरींवाटे निसटून जाते. गाभा आकसत राहतो, दाट होत राहतो, आणि तरीही थंडच राहतो. उष्णतेला बाहेर जावयास वाट आहे तोवर त्याला तारक असे काही नाही.

पुढे मध्यभाग इतका दाट होतो, की उष्णतेची ही वाट बंद पडते. मग मात्र तापमान झपाट्याने चढते, दाब वाढतो आणि मध्यभागी एक गोळा क्षणभर स्थिरावतो. 'क्षणभर' म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबाने. आपल्या हिशेबाने शेकडो ते हजारो वर्षे. रिचर्ड लार्सन यांनी १९६९ साली या अवस्थांचे गणित संगणकावर करून दाखविले. गोळ्याचे तापमान सुमारे दोन हजार अंशांवर गेले, की हायड्रोजनचे रेणू फुटू लागतात आणि या कामी पुष्कळ उष्णता खर्ची पडते. चुलीवरील उकळत्या पाण्याला कितीही आच दिली तरी ते शंभर अंशांच्या पुढे तापत नाही, कारण उष्णता वाफ करण्यात जाते. तसाच हा प्रकार. आधाराची उष्णता अशी खर्च झाल्यामुळे गोळा दुसऱ्यांदा कोसळतो. या दुसऱ्या कोसळण्यातून जो लहान, घट्ट आणि उष्ण गोळा उरतो, त्याला आदितारा असे म्हणतात.

मेघाचा गाभा किती आकसतो याचा अंदाज असा करता येईल. भाईंदर स्थानकापासून चर्चगेटपर्यंतचे अंतर चाळीस किलोमीटरांहून थोडे अधिक आहे. बर्नार्ड ६८ चा व्यास एवढा मानला, तर त्याच मापाने सूर्याचा व्यास एका चिंचोक्याएवढा होईल!

मूळ मेघ मंदगतीने का होईना, फिरत असतो. फुगडी घालणाऱ्या मुली एकमेकींच्या जवळ आल्या की त्यांचा फेर जलद होतो. मेघ आकसू लागल्यावर त्याचे फिरणेही तसेच वाढते. त्यामुळे सगळे द्रव्य सरळ मध्यभागी पडू शकत नाही. त्याचा काही भाग आदिताऱ्याभोवती चपट्या तबकडीच्या रूपाने गरगरत राहतो. अशा तबकडीतूनच पुढे ग्रह तयार होतात. चिली देशातील 'आल्मा' या दुर्बीणसमूहाने २०१४ साली वृषभ राशीतील 'एचएल टॉरी' या कोवळ्या ताऱ्याभोवतीची तबकडी टिपली. तिच्यात एकात एक अशी उजळ आणि काळी कडी स्पष्ट दिसली. २०२१ च्या डिसेंबरात अवकाशात सोडलेल्या 'जेम्स वेब' दुर्बिणीने पुढल्याच वर्षी याच राशीतील 'एल १५२७' या आदिताऱ्याचे चित्र पाठविले. त्याचे वय जेमतेम लाखभर वर्षे. चित्रातील आकृती हुबेहूब डमरूसारखी आहे. डमरूच्या बारीक कमरेवर जी काळी रेघ दिसते ती तबकडीची कड होय. वरखाली पसरलेले दोन उजळ भाग म्हणजे आदिताऱ्याने वेगाने बाहेर फेकलेल्या झोतांनी मेघात पाडलेल्या पोकळ्या होत. म्हणजे बाळ अजून दूध पीत आहे आणि त्याच वेळी पांघरूण लाथाडीतही आहे!

आदितारा प्रकाशतो तो केवळ पडणाऱ्या आणि आकसणाऱ्या द्रव्याच्या उष्णतेने. त्याच्या गर्भातील तापमान एक कोटी अंशांच्या आसपास गेल्यावरच हायड्रोजनचे हीलियममध्ये रूपांतर नेटाने सुरू होते. सूर्याएवढ्या ताऱ्याला तेथवर पोहोचावयास काही कोटी वर्षे लागतात. सगळ्याच गोळ्यांना ते साधत नाही. सूर्याच्या सुमारे आठ शतांशांहून कमी द्रव्य वाट्यास आले, तर गर्भ पुरेसा तापत नाही आणि गोळा हळूहळू निवत जातो. अशा अर्धवट राहिलेल्या ताऱ्यांना तपकिरी खुजे तारे म्हणतात. त्यांतील एक, 'ग्लीझ २२९ ब', १९९५ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांच्या एका गटाला सापडला. त्या गटातील एक प्रमुख शास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचा. गमतीची गोष्ट अशी, की हा एकच नसून एकमेकांभोवती फिरणारी खुज्यांची जोडी आहे, हे २०२४ साली उघडकीस आले.

या अंधाऱ्या खोलीत डोकावण्याचे प्रयत्न महाराष्ट्रातूनही झाले आहेत. आदिताऱ्यांच्या भोवतीची धूळ किंचित तापते आणि लांब अवरक्त किरण बाहेर टाकते. परंतु हवेतील बाष्प हे किरण गिळून टाकते. मुंबईसारख्या दमट ठिकाणी तर त्यांचे नावच काढावयास नको. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी यावर उपाय काढला. त्यांनी शंभर सेंटिमीटर व्यासाचा आरसा असलेली दुर्बीण तयार केली आणि १९८० नंतरच्या दशकापासून ती हैदराबादहून प्रचंड फुग्याला बांधून सुमारे तीस किलोमीटर उंचीवर पाठविली. तेथे बाष्प जवळजवळ नसते. रात्रीच्या मोजक्या तासांत निरीक्षणे उरकावयाची, मग दुर्बीण हवाई छत्रीने खाली उतरवावयाची, शोधून आणावयाची आणि दुरुस्त करून पुन्हा पाठवावयाची, असा हा कष्टाचा व्यवहार होता. एका उड्डाणात जरा चूक झाली तर महिनोन्महिन्यांची मेहनत वाया जाण्याची धास्ती असे. फुग्यात जो वायू भरीत तो हायड्रोजन. ताऱ्यांचे कच्चे द्रव्य पाहावयास त्याच द्रव्याने वर उचलून नेले! पुढे जपानी शास्त्रज्ञांचे एक उपकरण या दुर्बिणीला जोडण्यात आले आणि तारे जन्मणाऱ्या प्रदेशांतील कार्बनचे किरण त्याने मोजले.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे तीस विराट तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. सुट्या हायड्रोजन अणूंकडून येणाऱ्या रेडिओलहरी ती टिपते. हे सुटे अणूच पुढे मेघांत जमून ताऱ्यांचे द्रव्य बनतात. स्वरूप यांचे सप्टेंबर २०२० मध्ये निधन झाले. त्याच्या पुढच्याच महिन्यात या दुर्बिणीतून निघालेला एक महत्त्वाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांत हा वायू किती होता, हा प्रश्न होता. एकेका दीर्घिकेचा संकेत इतका क्षीण, की तो ऐकू येणे अशक्य. म्हणून ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र करण्यात आले. तेव्हा असे आढळले, की त्या दीर्घिका ज्या वेगाने तारे घडवीत होत्या, त्या वेगाने त्यांच्याजवळचा वायू शंभर ते दोनशे कोटी वर्षांत संपून गेला असता. कोठार मोठे होते, पण उधळपट्टीही मोठी होती. बाहेरून नवा वायू पुरेसा आला नाही, आणि विश्वातील ताऱ्यांचे जन्म कमी होत गेले. त्या बहराच्या काळाच्या मानाने आज ते सुमारे एक दशांशावर आले आहेत.

आपल्या आकाशगंगेत आता वर्षाकाठी सरासरी एक-दोन सूर्यांएवढेच द्रव्य नव्या ताऱ्यांत जाते. थंड मेघ मात्र अजून शिल्लक आहेत. बर्नार्ड ६८ ज्येष्ठा नक्षत्राच्या पूर्वेस, भुजंगधारी या तारकासमूहात आहे. तो अद्याप तोल सांभाळून आहे. पण तोल जाण्याच्या बेतात आहे, आणि सुमारे दोन लाख वर्षांत तो कोसळून त्याचा तारा होईल, असा काही शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.